उद्घाटनाआधीचा बोगदा

इगतपुरी

ती. आईस रंगनाथचा नमस्कार.

मी बरा आहे, जेवण वेळेवर होतं.

प्राण्यांसाठी आम्ही रस्त्याखालून बोगदा बांधला, आणि आमच्या थोर साहेबांनी त्याला दोन्हीकडून जाळी ठोकली. "उद्घाटनाआधी कोल्ह्यांनी घाण केली तर पाहुण्यांना काय दाखवणार?" असल्या अकलेपुढे सगळे इंजिनिअर माना डोलावत होते. त्यांत मीही होतो. महिनाभरात वर रस्त्यावर तीन कोल्हे गाड्यांखाली चिरडले गेले.

काल मी जाळी कापली. साहेब किंचाळले, "कोणाला विचारून?"

"तिसऱ्या कोल्ह्याला," मी म्हटलं.

पहिला कोल्हा मेला तेव्हाच का नाही कापली, हे मात्र कोणी विचारलं नाही.

तुझे गुडघे कसे आहेत? मधल्या खोलीतले कांदे विकले असतील, तर वहिनीला खोली माझ्यासाठी झाडून ठेवायला सांग.

तुझा,
रंगनाथ