सोपानच्या जागचा धोंडा

इंदापूर, माघ, शके १८५७

तीर्थरूप आईच्या पायी मुक्ताचा नमस्कार.

आम्ही दोघे बरे आहोत, काळजी करू नकोस. तुझा गुडघा कसा आहे?

आपला सोपान तापाने गेल्यापासून हे नदीवर मासे धरायला जात नव्हते, आता जातात. गुऱ्हाळाची जुनी काहील हीच आमची होडी. एकटा माणूस बसला की ती कलते, म्हणून समोर सोपानच्या जागी हे धोंडा ठेवतात. पोराच्याच वजनाचा शोधून आणलाय.

काल मी म्हटले, "तिथं मी बसते."

"धोंडा बोलत न्हाय. तू बोलशील, मासं पळतील," हे म्हणाले. पण धोंडा काठावर उतरवला.

गळाला बेडकी लावून यांनी लव्हाळ्यापाशी टाकली. मोठी मरळ लागली. दोरी ओढता ओढता हे म्हणाले, "सोपाना, जाळी धर."

मी जाळी धरली. मग आम्ही एकमेकांकडे पाहिले नाही.

घरी येताना हे अर्ध्या वाटेवरून मागे फिरले आणि धोंडा खांद्यावर घेऊन आले. "एकट्याला नदीवर कुठं ठेवायचं," एवढेच म्हणाले.

तो आता उंबऱ्याशी आहे. त्यावर मी कुणाला बसू देत नाही.

तुझी लेक,
मुक्ता