पासष्टच्या बंदुकीत सत्तरची काडतुसं

२१ सप्टें., रवि.
हडपसरला माहेरी जाऊन आले. दादाने दसऱ्यासाठी काडतुसांचा खोका आणलाय. दर दसऱ्याला सोनं वाटून झालं की अण्णा शेतात जाऊन आभाळात बार काढतात. शेत उरलंय चार गुंठे, तिन्ही बाजूंनी टॉवर. हवेत बार काढणं गुन्हा आहे, हे मी दर वर्षी सांगते आणि दर वर्षी वहिनी हातात लाडू देते. असो.
खोक्यावर ७०. आपली दुनळी बंदूक आजोबांच्या वेळची, नळीखाली ६५ ठोकलेलं. चेंबर, म्हणजे काडतूस बसतं ती जागा, पासष्ट मिलिमीटर, काडतूस सत्तरचं. सांगितलं तर दादा म्हणतो, "लांब काडतूस, जास्त दम. म्या व्हिडिओ बघितलाय."
व्हिडिओ अमेरिकेतला. टर्कीच्या शिकारीला चेंबर तीन इंची घ्यावं की साडेतीन, यावर दोन बाप्ये तासभर भांडतायत. अरे, ते नवी बंदूक निवडतायत! आणि हडपसरात टर्की कुठली? मोर मारलास तर तुरुंगात जाशील.

२२ सप्टें., सोम.
सकाळी घट बसवतेय तोवर दादाचा मेसेज. काडतूस नळीत सरकवल्याचा फोटो, खाली "जातंय की."
जाणारच. लिहिलेली लांबी उडाल्यानंतरची असते. आधी तोंड दुमडलेलं, म्हणून मावतं. उडताना ते उलगडणार, पुढे जागा नाही, सगळा दाब मागे. नळी फुटली तर धरणाऱ्याचा हात, नाहीतर डोळा. हे सगळं टाइप करून पाठवलं. उत्तरादाखल अंगठा.

२७ सप्टें., शनि.
अण्णांशी बोलले. म्हटलं परवाना त्यांच्या नावावर, शब्दही त्यांचाच चालेल.
मला बंदूक धरायला अण्णांनी शिकवलं. आधी ठोकलेला आकडा वाच, मग काडतुसाला हात लाव, हे त्यांचंच. कॉलेजात नेमबाजीचं मेडल घेऊन आले तेव्हा गावभर सांगत फिरले होते. आज टीव्हीकडे बघत म्हणाले, "दादा बघंल काय ते. तू आता त्या घरची."
त्या घरची! बावीस वर्षं कोथरूडला राहते म्हणून पासष्टचे सत्तर होतात का? परतीच्या बसमध्ये डोळ्यांत पाणी आलं. फार लागलं.

३० सप्टें., मंगळ.
शाळेतून हाफ डे घेऊन बंदुकीच्या दुकानात. ६५ ची आहेत. पण परवाना आणा, परवानेवाला आणा. बरोबरच आहे त्यांचं. दादाला फोन केला, म्हटलं अण्णांना घेऊन ये, बदलून मिळतील. तर म्हणे, "बायामाणसानं दुकानात जाऊन आमची शोभा केली." वर सुनावलं, "यंदा दोन बार. दोन्ही अण्णाच काढणार."
अण्णा. वय ऐंशीला टेकलेलं, मोतीबिंदूचं ऑपरेशन गेल्या महिन्यात. शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात. आमच्याकडे शहाणा कोण?

१ ऑक्टो., बुध. खंडेनवमी
पूजेला गेले. पाटावर विळा, कोयता, ट्रॅक्टरची किल्ली, मधे बंदूक झेंडूची माळ घालून. शेजारी खोका, त्यालाही हळदकुंकू. मी आरती म्हटली, नैवेद्य दाखवला. सगळे जेवायला बसले आणि मी खोका पर्समध्ये घातला, वर नैवेद्याचा डबा.
घरी आल्यावर ह्यांना सांगितलं. हे शांतपणे म्हणाले, "अहो बाई, विनापरवाना काडतुसं बाळगणं हा गुन्हा आहे."
माहितीय. त्या घरात गेली कित्येक वर्षं बार उडतायत, आणि गुन्हेगार मी.
खोका उघडला. दोन जागा रिकाम्या.
दादाला फोन केला, उचलला नाही. वहिनी म्हणाली, "वन्सं, मला काय बी म्हाईत न्हाई." मग अण्णांना.
"अण्णा, दोन काडतुसं कमी आहेत."
"माझ्यापाशी हायती. कालच काढली."
"उद्या उडवायला?"
मागे टीव्ही चालू.
"अण्णा, उडवायला की दादापासून लपवायला?"
"जेवलीस का तू?" म्हणाले, आणि फोन ठेवला.
उद्या सकाळी सहाची बस.