पदराला पदर

रविवार, २ नोव्हेंबर २०२५

सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी भरलं सभागृह माझ्या नवऱ्याला हसलं. वेळ लिहून ठेवते, कारण पुढे सगळे म्हणतील, असं काही झालंच नाही.

डॉ. मयुरी मेंदूतल्या रसायनांवर संशोधन करते. हेमराजच्या कंपवाताचा इलाजही तिचाच. "आंटी, माझं भाषण आहे, काकांना घेऊन या ने," ती तिच्या गुजराती वळणाने म्हणाली, म्हणून गेलो. पडद्यावर दोन हात आले. चेहरा नाही, नुसते हात — एका साडीच्या पदराचे गोंडे सोडवून दुसरीला गाठी मारताहेत. "औषधाने डोपामिनचा परिणाम वाढला की काही माणसं अशा निरर्थक कृतीत तासन्तास रमतात," मयुरी म्हणाली. मागून कुणीतरी गुजरातीत : "आ काकाने मारे घेर मोकलो, फॉल-बीडिंग बाकी छे." काकांना माझ्या घरी पाठवा म्हणे. झालं, सगळे हसले.

हेमराज माझ्या कानाशी : "ह्या मनाज हात शेतस ना व?" त्याचेच होते.

चित्रीकरणाला सही मी दिली होती. अभ्यासासाठी. हशासाठी नाही.

सोमवार, ३ नोव्हेंबर

मयुरीला फोन केला. गोळी कमी कर म्हटलं. "आंटी, घाई नको. गोळी आहे म्हणून हात स्थिर आहेत. गाठींनी कुणाचं काय बिघडतं?" म्हटलं, माझ्या साड्यांचं बिघडतं, आणि काल त्याचं बिघडलं. मी हटले नाही. शेवटी अर्धी करून दिली.

जिंकले.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

शेजारच्या सरलाबाई म्हणे, "ताई, तुमचा माणूस साड्यांत रमला. आमचा पत्त्यांत रमला, त्याला तर गोळीसुद्धा लागली नाही." हसू आलं. तिचा राग येत नाही.

हेमराजने जन्मभर लिंबायतच्या यंत्रमाग कारखान्यात बीम जोडले. मागावरचं जुनं बीम, म्हणजे ताण्याच्या धाग्यांचा रूळ, संपत आलं की नव्याचा एकेक धागा जुन्याला गाठायचा, की माग पुढे चालू. त्या खडखडाटात माणसं बोलणंच सोडून देतात. घरी येऊन तो "हं" म्हणायचा. नावाने हाक मारते म्हणून सासूबाई आयुष्यभर माझ्यावर रागावल्या, पण हाकेला ओ कधी आलीच नाही.

गोळी सुरू झाली आणि गाठी मारता मारता हा बोलायला लागला. अहिराणीत. आईबद्दल, तापीच्या पुराबद्दल, लग्नात माझं तोंड कसं रागीट होतं त्याबद्दल. "ह्या पोरीनी माले मंडपमाच घाबरं करं," म्हणे.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

साड्यांना हात लावत नाही. चहा दिला. "हं."

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

मयुरी घरी येऊन तपासून गेली. "आता हे मूळचे काका, आंटी."

मूळचा मला पुरेसा ठाऊक आहे, बाई. त्याच्याबरोबरच जन्म काढला. मला हा पाहुणा आवडायला लागला होता.

हे तिला तोंडावर बोलले नाही. एरवी माझी जीभ कुठे थांबते?

रविवार, १६ नोव्हेंबर

गाठी कापायला कात्री घेऊन कपाटापाशी बसले. लग्नाचा शालू मुलाच्या बारशाच्या हिरवीला जोडलेला. हिरवी, विमा कचेरीत कायम झाले तेव्हाच्या जांभळीला. असं करत करत शेवटी निवृत्तीची राखाडी. एकही मागेपुढे नाही. या माणसाने माझ्या साडीकडे कधी मान वर करून पाहिलं नाही, असं मी सगळ्यांना सांगत आले.

राखाडीच्या दुसऱ्या टोकाचे धागे उसवून, विंचरून मोकळे ठेवलेत. पुढच्या साडीसाठी.

कात्री ठेवून दिली.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

नवी साडी आणली. राखाडीशेजारी त्याच्या मांडीवर ठेवली. त्याने धागे उचलले. बोटं थरथरली. गाठ बसेना. पुन्हा उचलले. मग साडीची घडी घालून माझ्या हातात दिली. "राहू दे." तेही मराठीत.

उद्या मयुरीला एवढंच पाठवायचं : त्या हशाबद्दल माफीनामा मागणार होते, तो नको. गोळी परत पूर्ण कधी करायची, ते शुक्रवारी, २१ तारखेला, संध्याकाळी पाचच्या आत लेखी कळव. त्याचं ते सगळं बोलणं गोळीचंच होतं, असं लिहिलंस तरी चालेल.