सोडलेला भात

आई,

तू गेलीस तेव्हा माझ्या मुलाचं लग्नही झालेलं नव्हतं, म्हणजे जिच्याबद्दल लिहायला बसलोय तिला तू पाहिलेलं नाहीस. माझी नात. आम्ही आता डोंबिवलीत राहतो, चौथ्या मजल्यावर, आणि ती मला "आबा, तू" म्हणते. तुला ते आधी खटकलं असतं, मग आवडलं असतं. माणसानं काय खावं, किती खावं, हा विषय तिनं कॉलेजात घेतला. मला वाटलं, स्वयंपाक शिकवत असतील. तसं नाही. वरणात काय असतं, ते पोटात गेल्यावर त्याचं काय होतं, आजारी माणसाला काय द्यायचं, असं सगळं. पदवी झाली, आता पुढचं शिकायचंय, म्हणून तिनं तीन ठिकाणी अर्ज करायचं ठरवलं. मुंबई, बडोदा आणि एक खाली दक्षिणेत. जागा थोड्या आणि मुली ढीगभर. ती निवांत असते. काळजी करायचं काम घरात पहिल्यापासून माझ्याकडे आहे. पण सातवीत शाळा सुटलेला माणूस ह्यात मदत काय करणार? मला एकच गोष्ट करता येत होती आणि ती तुझ्याकडून आलेली. गावच्या देवाला मनातल्या मनात सांगितलं, हिला प्रवेश मिळेपर्यंत मी भाताला शिवणार नाही.

दुपारी डोळे मिटले की अजून कळव्याची खोली दिसते. ओहोटी लागलेली असते, खाडीचा वास दारातून आत येऊन बसतो, जसा रोजचा पाहुणाच. तू स्टोव्हला पिन करतेस. मी कोलशेतच्या कारखान्यात बदली कामगार आहे, म्हणजे कायमचा कुणी आला नाही तरच मला काम. सकाळी पूल ओलांडून ठाण्याला जातो, तिथून बस, आणि मग गेटबाहेर उभा राहतो. नाव पुकारलं तर आत, नाहीतर परत. परत आलो की तू काही विचारत नाहीस, पान वाढतेस. माझ्या पानात बांगडा, तुझ्या पानात पेज आणि लोणच्याची फोड. असं किती दिवस चाललं होतं कोण जाणे, माझ्या लक्षातच आलं नव्हतं. एकदा विचारलं, "तू मासे का गं घेत नाहीस?" तू तव्यावरून नजरही न उचलता म्हणालीस, "गप जेव रे. असला बोलान दाखवूचा नसता." इतकी कडक बोललीस की मी पाण्याचा तांब्या उचलून तोंड लपवलं. मग मला कायम केलं. त्या संध्याकाळी तू बाजारातून बांगडे घेऊन आलीस, भिंतीला टेकून बसलीस आणि काटा न् काटा चोखून खाल्लास, डोळे मिटून. कुणीच कुणाला काही सांगितलं नाही. मला सगळं कळलं.

म्हणून ह्या नवसाचं मीही कुणाला बोलून दाखवलं नाही. दुपारी घरात मी एकटाच असतो. मुलगा, सून कामाला, नात वाचनालयात. माझं पान झाकून ठेवलेलं असतं, हिनंच ठरवून दिलेलं. मला साखरेचा आजार आहे ना, म्हणून आधी काकडी-कोबी, मग भाजी-भाकरी आणि सगळ्यात शेवटी वाटीभर भात. वाटी गॅलरीच्या कठड्यावर रिकामी करायची, खरकटी करून घासायला टाकायची. रात्री फक्त भाकरी, त्यामुळे कुणाला संशय नाही. कावळ्यांना मात्र वेळ पाठ झाली. आधी एक यायचा, मग कठडा काळा दिसू लागला. खालच्या मजल्यावरचे शेजारी, माझ्याच वयाचे, एकदा वर तोंड करून ओरडले, "अहो, पितृपक्ष कधीच संपला! तुमचे पितर अजून जेवतायत का?" मी हसलो. ते कावळे मान वाकडी करून माझ्याकडे बघायचे तेव्हा, उन्हानं म्हण की पोट अर्धं असल्यानं म्हण, मला खाडीचा वास यायचा. इथं कुठली खाडी?

आणि माझी साखर उतरली. ही सकाळी माझ्या बोटाला सुई टोचायची, यंत्रात आकडा बघायची आणि नाचायची. "बघ आबा! मी भात न सोडवता उतरवून दाखवली!" हे शिक्षण का हवंय ते अर्जासोबत लिहून द्यावं लागतं. तिनं तिथं तेच लिहिलं. इंग्रजीत होतं, मला मराठीत सांगितलं. आपल्या कोकणातल्या माणसाचा भात तोडू नये, फक्त त्याची जागा आणि माप बदलावं, असं तिचं म्हणणं. पुरावा म्हणून घरातला माणूस, म्हणजे मी. आई, तो पुरावा रोज कावळे खात होते. पण अर्ज गेलेले होते. आणि बोललो तर नवस मोडणार.

मग बडोद्याहून मुलाखतीचं बोलावणं आलं, कॉम्प्युटरवरच. आदल्या संध्याकाळी मला स्वयंपाकघरात स्टुलावर बसवून म्हणाली, "आबा, तू सर हो. विचार मला, दुसऱ्या पेशंटला काय सांगशील."

मी विचारलं.

"हेच सांगीन. खालच्या काकांनाही तोच तक्ता दिलाय. पण त्यांची साखर हलतच नाहीये. चोरून गोड खातात, दुसरं काय! सकाळी मी त्यांना सरळ सुनावलं."

"काय म्हणाले?"

"शपथ घ्यायला लागले. मी म्हटलं, काका, शपथ नको, खरं सांगा. माझे आबा बघा कसे सांगितलं तेवढंच खातात."

तो माणूस सांगितलेलं सगळं, भातासकट, खात होता, आई. आणि माझ्यामुळे नातीच्या वयाच्या मुलीकडून चोर ठरला होता. उद्या हिच्यासमोर असे किती बसतील. तुझा तव्यापाशी चढलेला आवाज मला स्पष्ट ऐकू आला, तरी मी सांगून टाकलं. भात, कावळे, देव, सगळं.

तिनं माझ्या साखरेच्या आकड्यांची वही उघडली. मग म्हणाली, "गोळी घेत होतास ना?"

"हो."

"गोळी घ्यायची आणि भात कावळ्यांना? चक्कर येऊन पडला असतास म्हणजे? म्हणून तुझे हात थरथरायचे! आणि मी खुशाल आकडे लिहून घेत होते." डोळे भरून आले तिचे. "माझ्यासाठी केलंस, आणि माझाच अभ्यास खोटा पाडलास रे आबा."

मी म्हटलं, "नको सांगू कुणाला. त्यांना काय कळणार?"

"मला कळलंय ना," म्हणाली आणि चपला घालून खाली गेली. काकांची माफी मागून आली. ते म्हणे इतकंच म्हणाले, "चला, निदान मी चोर नाही एवढं तरी ठरलं." मग तिनं तिन्ही ठिकाणी कळवलं, की मी लिहिलं होतं ते चुकीचं निघालं.

दुसऱ्या दिवशी खोलीचं दार लावून मुलाखत झाली. मी गॅलरीत बसून होतो. बाहेर आली तेव्हा चेहऱ्यावरून काही समजेना. म्हणाली, "हसले नाहीत. एक मॅडम म्हणाल्या, आजोबांना आता भात देणार का? मी म्हटलं, आजपासून, माझ्यासमोर." पुढचं अजून काही कळलेलं नाही. मुंबईचं नाही झालं, एवढं कळलंय. ते माझ्या मोडलेल्या नवसानं की तिनं खरं कळवल्यानं, हे मी घोळत बसतो. तू असतीस तर गप जेव म्हणाली असतीस.

हे पत्र पाकिटात घालून त्यावर लिहिणार काय? उशीखाली राहील आणि सून चादर बदलेल तेव्हा रद्दीत जाईल. म्हणूनच लिहितो. मुलाखतीच्या त्या दिवशी ती समोर बसली आणि तिनं वाटीभर भात वाढला, वर वरण, तुपाचं बोट. मी हात जोडून देवाची क्षमा मागणार होतो, पोरीसाठी काहीतरी म्हणणार होतो. पण पहिला घास तोंडात गेला आणि आई, मला तिचा प्रवेश आठवला नाही, देव आठवला नाही, तूसुद्धा आठवली नाहीस. फार छान लागला गं.