हेडक्लार्क झाल्यावर नलूला आणायचे

५ नोव्हेंबर १९७९, सोमवार. सकाळी ६.
वही नवी, पेन नवे, मीही नवा. संकल्प: रोज एक इंग्रजी क्रियापद, शेपटासकट. स्टेशनवरच्या स्टॉलवर पुस्तक मिळाले. त्यात म्हटले आहे की खरा साहेब नुसते क्रियापद वापरत नाही, मागे इन, अप, ऑफ असे काहीतरी लावतो. आमच्या जिनिंग फॅक्टरीचे नवे मॅनेजर मेनन साहेब केरळचे. मराठी शून्य, हिंदी त्याहून कमी. हेडक्लार्क अण्णाजी डिसेंबरअखेर रिटायर होतात. ऑफिसात इंग्रजी बोलणारा दुसरा आहे कोण?

नलू दिवाळीला माहेरी आष्टीला गेली आहे. बायको माहेरून आपल्या पायाने येत नाही, नवऱ्याने न्यायला जायचे, ही आमच्याकडची रीत. जाणारच आहे. पण हेडक्लार्क होऊन. गेल्या खेपेला सासरे नत्थूजी चार पाहुण्यांत म्हणाले होते, आमचे जवाई अजून कारकूनच हायेत. ते मी गिळले, पण पचलेले नाही.

८ नोव्हेंबर.
लुक इंटू. म्हणजे लक्ष घालणे. आजच उपयोग झाला. कापसाच्या बैलगाड्या फाटकापासून पार रस्त्यापर्यंत तुंबल्या. साहेबांनी विचारले, काय प्रकार आहे? मी ताडकन म्हणालो, आय विल लुक इंटू इट, सर. साहेबांनी मान डोलावली. जागेवर येऊन वाक्य दहा वेळा वहीत लिहिले. तोवर आमचा आवक-जावकवाला प्रेमदास फाटकावर जाऊन दुसरा वजनकाटा सुरू करून आला. त्याला येस सर आणि नो सर एवढेच येते. कीव येते बिचाऱ्याची.

१४ नोव्हेंबर.
नलूचे कार्ड. महिना होत आला, न्याले कधी येता? उत्तर लगेच टाकले: सीझनचा जोर आहे, तुझे येणे पुट ऑफ केले आहे. शब्द तिला कळणार नाही, पण वजन कळेल.

दूध उतू गेले. तिसऱ्यांदा.

२५ नोव्हेंबर, रविवार.
गाद्या-उशा उन्हात टाकल्या. नलूच्या उशीला तिच्या तेलाचा वास आहे. उन्हाने जाईल म्हणून उचलून परत आत आणली. फॉलो अप आणि कॅरी ऑन पाठ केले.

३ डिसेंबर.
दुसरे कार्ड. शेजारच्या बाया विचारून राह्यल्या, घरवाल्यानं टाकलं का म्हणून. मी काय सांगू? आठ दिवसांत या.

रागावलेली दिसते. प्रेम असल्याशिवाय राग नाही. चांगले लक्षण.

प्रेमदासच्या बायकोने, तानाबाईने, माझ्यासाठी डबा पाठवला. डबा देताना प्रेमदास म्हणाला, भाऊ, वहिनीले घेऊन या ना आता. इंग्रजी कुठी पळून चालली का? मी हसून कॅरी ऑन, प्रेमदास म्हणालो. वांग्याची भाजी होती. नलू करते तशीच. नीट जेवलो नाही.

११ डिसेंबर.
आठ दिवस झाले. जायलाच निघालो होतो. एसटी स्टँडवर पोचलोही. मग विचार केला, वीस दिवसांसाठी कारकून म्हणून कशाला जायचे? परत आलो. निर्णय बरोबर आहे. गाडीलाही गर्दी होती.

३१ डिसेंबर. संध्याकाळी ७.
अण्णाजींचा निरोप समारंभ. मी इंग्रजीत भाषण केले. शेपटाची सात क्रियापदे, एकही चूक नाही. टाळ्या बेताच्या, कारण कळले कोणाला? शेवटी साहेबांनी नव्या हेडक्लार्कचे नाव सांगितले. प्रेमदास. म्हणाले, हा माणूस बोलत नाही, जाऊन काम करून येतो.

ही तात्पुरती व्यवस्था असावी. साहेब मला नागपूर ऑफिससाठी राखून ठेवत असावेत. प्रेमदासला हार घालायला मीच उठलो. हार हातातून निसटून एकदा खाली पडला. थंडी फार आहे.

१३ जानेवारी १९८०, रविवार. आष्टीहून परतल्यावर.
गेलो एकदाचा. नलूने पाणी दिले. आले का, एवढेच म्हणाली. वाळली आहे. नवी साडी नेसली होती. मला वाटले उद्या संक्रांत आहे म्हणून.

जेवणानंतर नत्थूजींना समजावून सांगितले की हेडक्लार्कची पोस्ट मीच टर्न डाउन केली. तीन तास सांगत होतो. नलू सैपाकघराच्या दारात उभी. दोनदा बाहेर आली. एकदा विचारले, चहा टाकू का? मी म्हणालो, टाक. दुसऱ्यांदा विचारले, गाडी किती वाजता हाये? मी म्हणालो, चारला. वाटले आता म्हणेल, मी पण येते. तसे काही ती म्हणाली नाही. कारकुनाने कोणत्या तोंडाने म्हणायचे, चल? तिने एकदा म्हणायला काय हरकत होती?

मेहुणा बंडूजी स्टँडवर पोचवायला आला. गाडी लागल्यावर माझ्याबरोबर आत चढून म्हणाला, भाऊजी, ताईनं सकाळपासून पेटी भरून ठेवली होती. मायनं ओटीचे तांदूळ काढले होते. तुमी चाल म्हणाल म्हणून दिवसभर वाट पाहून राह्यली ती. तुमी काऊन नाई बोलले?

कंडक्टरने घंटी दिली. मी म्हणालो, पुढच्या रविवारी येतो. बंडूजी खाली उतरला. उतरायला मलाही वेळ होता. उतरलो नाही.

१९ जानेवारी.
कार्ड आले. तुमी आता येऊ नका. पेटी रिकामी केली. मी इथं बालवाडीत कामाले लागली. मी नको होती तं तसं सांगाचं होतं, एवढे दिवस दाराकडे पाहाले नव्हतं लावाचं.

ऑफिसात प्रेमदासने विचारले, वहिनी आल्या का? मी हो म्हणालो.

नको नव्हती. दिवाळीपासून रोज हवी होती. दूध उतू गेले तेव्हा, वांग्याची भाजी खाताना, स्टँडवरून परत येताना. हे मी कोणत्याही भाषेत तिला सांगितले नाही. न्यायला म्हणून गेलो, आणि तिला तिथेच सोडून आलो.