लुंबिनीची हजेरी

अहो,
साडेपाच झालेत, किनवटच्या गाडीला निघाले. तुम्ही दोघं गाढ झोपला होता, उठवलं न्हाई. भाकरी टोपल्यात हाय, वरण तेवढं गरम करून घ्या. लुंबिनीच्या युनिफॉर्मचं बटन लावलंय.

काल दुपारच्या जेवणात झालं त्यावर तुम्ही लई हसलात. मीही हसले, पण नंतर माझं ताट तसंच झाकून ठेवलं. आश्रमशाळेत रोज संध्याकाळी पंगतीत उभी राहून एकशे अठरा पोरींची नावं पुकारते. तशीच काल हातात पळी घेऊन पुकारून बसले, "लुंबिनी सोनकांबळे!" अन् आपली पोर ताटावरून उठून ताठ उभी राहिली. "हजर, मॅडम." चेष्टेत म्हणाली का खरंच, विचारायची हिंमत झाली न्हाई.

आठवड्यातून एक दिवस घरी येते, तोही वसतिगृहाचे फोन घेण्यात जातो. थकले हो आता. अधीक्षिकेचा चार्ज दुसऱ्या कोणाला द्या, मी नुसतं शिकवते, असा अर्ज लिहिलाय. याआधी दोनदा लिहून फाडला, ते तुम्हाला बोलले नव्हते. हा आज मुख्याध्यापकांच्या हातात देते.

बुधवारी अकराला तिच्या शाळेत पालकसभा हाय. मागच्या तिन्ही तुम्हीच केल्या. या वेळी जाऊ नका, रजा मिळो न मिळो, मी येते. लुंबिनीला सांगा, बुधवारी हजेरी तिनं घ्यायची. मी वर्गाच्या दारात उभी राहून 'हजर' म्हणीन.

पंचशीला