आतल्या खोलीतलं बोलणं

माझ्या पोटच्या पोरानं तुझ्या ऑफिसात काय सांगितलं ते मला सांगितलंस तर जीभ झिजेल का तुझी? तुझा काका तिथून आल्यापासून धड जेवत नाही. तू मात्र म्हणतेस, "आजी, अशिलाचं बोलणं बाहेर काढता येत नाही. कायद्यानं त्याला विशेषाधिकार आहे."

असो. वकीलबाई, आशीर्वाद.

विशेषाधिकार मी जन्मभर बघितलाय. घरात पुरुषांना पहिलं ताट, सरकारी ऑफिसात साहेबांच्या मेव्हण्याला रांग नाही. मला कसला मिळालाय, म्हणत भांडी आपटत होते, तेव्हा आठवलं. तुझे आजोबा हयात असताना तुझ्या ऑफिसातल्या त्याच खुर्चीत बसून मी विचारलं होतं, या वयात नवरा सोडता येतो का. नाही सोडला, ती माझी मर्जी. पण तू त्यांची लाडकी नात असून शेवटपर्यंत त्यांना कळू दिलं नाहीस, तुझ्या आईलाही नाही. माझी शिंकसुद्धा शेजारी पोचते अशा घरात एवढं झाकलंस. पोरी, उपकार आहेत तुझे.

असलं गुपित टपालात टाकू नये, म्हणून हे पत्र माझ्या उशाशीच राहील. तू गप्पच राहा. उत्तर तुझ्या काकानं द्यायचं, आज ताटावर बसल्यावर, माझ्याकडे बघून.

तुझी आजी आणि जुनी अशील